बसायला जागा

"ताई, बसायचे वेगळे पैसे पडत नाहीत," कंडक्टर म्हणाला.

पुढच्या बाकांवरची माणसं हसली. ताईही हसली, पण बसली नाही. शहराबाहेर पडता पडता बस निम्मी रिकामी झाली होती आणि ती मात्र दांडी धरून उभी होती.

शेवटच्या थांब्यावर नवरा आणि लेक तिची वाट बघत होते. नव्या घराची किल्ली नवऱ्याच्या खिशात होती. दलालाने ती संध्याकाळपुरतीच दिली होती. हो की नाही ते आजच सांगायचं होतं. शाळेनेही लेकीसाठी जागा उद्यापर्यंतच धरून ठेवली होती. ती नाही म्हणणार होती. त्याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. कुठे काय टोचेल, हे तिच्या बोटांना आधी कळायचं. घरंही तिने तशीच पारखली होती. जवळची उपनगरं खिशाला टोचली. खिशाला परवडली त्यांच्या शाळा तिला टोचल्या. शाळेत गेली की ती निकालाच्या फलकाकडे ढुंकूनही बघायची नाही, थेट ग्रंथालयात शिरायची. पुस्तकं कोरी करकरीत दिसली की शाळा बाद. या शेवटच्या उपनगरातल्या शाळेत पुस्तकं चिकटपट्ट्या लावून लावून फुगली होती. त्यातलं एक तिने उचललं, तर एका मुलीने ते तिच्या हातातून काढून घेतलं. "ते माझं अर्धं राहिलंय," मुलगी म्हणाली. शाळा तिथेच पास झाली.

घरही चांगलं होतं. स्वयंपाकघरात उजेड होता. अखंड बडबडीमुळे जिला सगळे टिटवी म्हणत, त्या लेकीने खिडकीखालचा कोपरा बघितला, तिथे फरशीवर आडवी झाली आणि चक्क गप्प राहिली. तरी ती नाही म्हणाली होती. लांब पडतं, एवढंच कारण तिने दिलं.

नवरा लिफ्टदुरुस्तीची कामं करायचा. त्याची मोटारसायकल कुठूनही कुठेही जायची. रोजची बस तिच्याच वाट्याला येणार होती. म्हणून त्याने वाद घातला नाही. दलालाला तेवढं म्हणाला, "दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे मिळाले, तर कवळीवाली म्हणते भूक नाही." मग तिला म्हणाला, एकदा कामावरून सुटून बसने येऊन बघ आणि मग खुशाल नाही म्हण.

खरं तर शेवटच्या थांब्याचं वेड तिच्या माहेरचं. तिचे बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि रोज लांबून शहरात यायचे. घर घ्यावं तर शेवटच्या थांब्यावर, हा त्यांचा सिद्धांत. सकाळी बस तिथूनच सुटते, म्हणजे खिडकी आपली. संध्याकाळी डोळा लागला तरी बिघडत नाही. शेवटचा थांबा कुणाचा चुकत नाही, कंडक्टर उठवतोच. नातेवाईक त्यांना वनवासी म्हणून चिडवायचे. वनवासी खिडकीला डोकं टेकून झोप काढायचे, ताजेतवाने होऊन घरी यायचे आणि जेवणं झाली की लेकीला, म्हणजे तिला, पुस्तक वाचून दाखवायचे. दिवसभर अक्षरांत डोळे घालून आलेला माणूस पुन्हा अक्षरंच कशी वाचतो, याचं आईला नवल वाटायचं. लेकीला वाटायचं नाही. सगळ्यांचे बाबा असेच असतात, असा तिचा समज होता.

त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून ती बसमध्ये उभीच राहायची. बसलं की पाठ धरते, असं सांगायची.

शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंनी तिच्या पिशवीचा बंद धरून ओढला. "बस गं बाई. तुला बघून माझे पाय दुखायला लागले."

आजीबाई सरकल्या आणि त्यांनी तिला खिडकीशी बसवून घेतलं. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. बाहेर दुकानांचे दिवे लागत होते. ती ताठ बसली. नवऱ्याला काय सांगायचं ते मनात पक्कं करू लागली. लांब पडतं. रोजचं जमणार नाही. लांब पडतं. काच गार होती आणि इंजिनाची घरघर एका लयीत चालली होती.

टक्. टक्. टक्.

"ताई. अहो ताई. शेवटचा थांबा."

तिने डोळे उघडले. कंडक्टर नाण्याने दांडी वाजवत होता. बस रिकामी झाली होती. आजीबाई कुठे उतरल्या, तिला कळलंही नव्हतं. गाल काचेला टेकून बधिर झाला होता. वर्षभरात इतकी गाढ झोप तिला स्वतःच्या अंथरुणातही लागली नव्हती.

"घाबरवलंत की हो," कंडक्टर म्हणाला. "केव्हापासून हाका मारतोय."

"उठले ना," ती म्हणाली.

आपलेच शब्द ऐकून ती क्षणभर तशीच बसली. मग पिशवी उचलून उतरली.

टिटवी धावत आली. आई झोपली होती, आईच्या गालावर रेघ आहे, हे तिने अख्ख्या थांब्याला सांगितलं. नवरा तिच्या मागोमाग आला. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटली.

"घर घेऊया," ती म्हणाली. "सकाळी खिडकी आपली."

त्याने कारण विचारलं नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शेवटच्या थांब्यावर, कंडक्टर दांडी वाजवून वाजवून थकल्यावर, खिडकीला टेकलेलं बाबांचं डोकं त्यानेच अलगद उचललं होतं.