सोनेरी पावलं

सारिकानं वाटीत कुंकू कालवलं, तळपायाला फासलं आणि कोऱ्या कागदावर पाय दाबला. डावा उमटला तसाच, चार बोटांचा. करंगळी लहानपणीच दादाच्या सायकलच्या चाकात गेली होती. मग उजवा. मोबाइलवर दोन्हींचे फोटो काढले आणि कापायच्या मशीनला धाडले. पातं सोनेरी कार्डशीटवर कुरकुरत फिरलं. टाच, चवडा, बोटं. मग एकेक पाऊल लॅमिनेशनच्या मशीनमधून चकचकीत होऊन बाहेर आलं, गरमागरम. कित्येक महिन्यांत सारिकाला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पावलं मागितली होती दादाच्या बायकोनंच. इंदुरीतल्या या घरात आता अपेक्षावहिनीचाच शब्द चालतो.

"रांगोळीची पावलं पुसून जात्यात. तुझ्या मशीनवर काप, चांगली लॅमिनेट करून. आन् चिकटवून झाली की मागच्या खोलीत बस. गौर मी आणणार. नवऱ्याला सोडून आलेलीची सावली पडाय नको तिच्यावर. कळलं का, नऊबोटे?"

आता बोला! गौर माहेरपणाला येते म्हणून केवढं कौतुक. आणि जिचं हे माहेर, जी नवऱ्याचा मार खाऊन खाऊन शेवटी निघून आली, तिनं कोंडून घ्यायचं? पावलं चिकटवायला मात्र तिचे हात चालतात! सारिका भांडली नाही, रडली नाही. "व्हय वैनी," म्हणाली, आणि सकाळीच उंबऱ्यापासून मखरापर्यंत पावलं चिकटवून मोकळी झाली.

संध्याकाळी आळीतल्या बायका जमल्या. वहिनी नवं लुगडं नेसून, दोन्ही हातांत गौरीचा मुखवटा धरून ठुमकत आत आली. मुखवट्याखालचं तिला कुठलं दिसतंय! पावलापावलाला थांबायचं. शेजारच्या सरुबाईनं विचारायचं, "गौर कशाच्या पावलानं आली?" वहिनीनं ठसक्यात सांगायचं, "सोन्याच्या पावलानं आली!" मागून कुणीतरी हळदीकुंकू वाहत होतं. "काय खरीखुरी पावलं गं बाई," बायका म्हणत होत्या. मागच्या खोलीच्या दारात सारिका सगळं ऐकत होती. तिला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मुखवटा मखरात बसला. शेवटच्या जोडीला हळदीकुंकू वाहून डोकं टेकायचं, ते घरच्या सुनेनं. वहिनी गुडघ्यांवर बसली. कुंकवाची चिमूट सोडायला वाकली आणि हात तिथंच थांबला. तिनं बोटं मोजली. पुन्हा मोजली.

झर्रकन तिनं वर पाहिलं. सारिकानं डावा पाय खोलीच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवला होता.

"अगं, टेक की डोकं!" सरुबाई ओरडली. "थांबलीस का? गौर कशाच्या पावलानं आली?"

सगळी आळी बघत होती. गौरीच्या पावलांना नाही म्हणायची छाती कुणाची?

"सोन्याच्या," वहिनी कशीबशी म्हणाली, आणि तिचं कपाळ त्या चार बोटांवर टेकलं.

"दमानं, वैनी," सारिका म्हणाली. "चांगली लॅमिनेट केल्यात. फुडल्या वर्षीबी हीच वापरा."