फाजील लाड

खाली घरमालकाच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचा फवारा सुरू झाला आणि वरच्या खोलीत लेकीने पुस्तक मिटलं. गुडघ्यांवर हात टेकून ती पुढे वाकली. श्वासागणिक तिचे खांदे वर चढत होते, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता.

“कधीपासून होतंय?”

“मघा... पासून... आई.”

दोन शब्दांना तीन श्वास. आईने खिडक्या लावल्या, फटींत ओले टॉवेल कोंबले. दम्याचा निळा पंप हलवून नळीला लावला आणि नळी लेकीच्या तोंडात दिली. “हळू ओढ. घाई नको.” पुन्हा एकदा दिला. उतार पडेना. तिने अँब्युलन्सला फोन केला, मग बत्ता उचलून जमिनीवर दाणदाण आपटला.

फवारा थांबला. घरमालक तरातरा जिना चढून आला. हात कोपरापर्यंत तपकिरी, हनुवटीखाली ओढलेला मास्क.

“फरशी फोडता का, बाई? किती वेळा सांगू, माझा धंदा आहे तो! तुमच्या पोरीच्या फाजील लाडांपायी बंद करू?”

मग त्याला पोर दिसली. तो मागे वळला, पण आई एव्हाना दाराला पाठ लावून उभी होती.

“शर्टाला पॉलिशचा वास आहे, तो बाहेर टाका. साबणाने हात धुवा. आणि तिला मागून धरून बसा.”

खरं तर तिला त्याची काडीची गरज नव्हती. आजवर हे सगळं ती एकटीच निभावत आली होती.

बनियनवरच तो पलंगावर बसला. “आडवं करू का जरा?”

“आडवं करायचं नाही. हात बरगड्यांवर ठेवा. आत जातायत, लागतंय हाताला?”

“हो.”

“हेच ते फाजील लाड.”

जरा वेळाने त्याचा चेहरा उजळला. “शिट्टी थांबली बघा छातीतली. बरं वाटतंय तिला.”

“हवाच जात नाहीये, म्हणून थांबली.”

त्याचा रंग उडाला. पंप दाबता दाबता आईने ते पांढरंफटक तोंड डोळे भरून पाहून घेतलं.

पंपामागून पंप दिल्यावर शिट्टी परत वाजू लागली. कर्कश, पण वाजू लागली. लेकीने डोळे उघडले आणि मालकाचं बोट घट्ट पकडलं.

“काका... सोडू नका हं.”

मालकाचा ऊर भरून आला. तो तिच्या केसांवरून हात फिरवू लागला. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या स्वस्तात सुटतो काय हा!

तेवढ्यात अँब्युलन्सचा माणूस आला. लेकीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवून त्याने विचारलं, “त्रास कशाने सुरू झाला?”

आईने पंप पिशवीत टाकला, पायांत चपला सरकवल्या.

“तिच्या काकांना विचारा,” ती म्हणाली. “सांगतील. तिच्यासमोरच सांगतील.”

लेकीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बोट तिने अजून सोडलं नव्हतं.