हिरवा सगळ्यांत शेवटी

"कुलूप? माझ्याच कारखान्यात मला कुलूप?" हरेश्वर शेठ ओरडले. मोबाइल त्यांनी छातीशी दाबून धरला होता. पलीकडे भाईंदरचा व्यापारी होता. होळी तोंडावर आलेली आणि त्याला हिरव्या पिचकाऱ्या आत्ताच्या आत्ता हव्या होत्या.

"शेठ, आजच्या ऑर्डरी सकाळीच लॉक केल्यात," रीमा म्हणाली. वालीवच्या या प्लास्टिकच्या कारखान्यात ती रोजच्या उत्पादनाचं सॉफ्टवेअर बसवायला आली होती. कोणत्या रंगावरून कोणत्या रंगावर जायला किती वेळ लागतो, ते सुपरवायझर फर्डिनंडला विचारून तिने संगणकात भरलं होतं. "आधी पिवळा, मग केशरी, मग लाल. हिरवा शेवटी. मध्येच बदललं तर अख्खा दिवस कोलमडेल."

शेठ तिच्याशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी मान वळवली.

"फर्डिनंड, हिचं कोन ऐकतंय? पिवळा थांबव. हिरवा घे."

फर्डिनंडने वर्षानुवर्षं हेच केलं होतं. फोन वाजायचा, शेठ हाक मारायचे आणि चालू मशीन थांबायची. मग तिच्या पोटातला आधीचा रंग पुरता बाहेर काढायचा. गडदावरून पुन्हा फिक्यावर यायचं तर त्यातच निम्मी पाळी जाई आणि राहिलेलं काम रात्रीवर पडे. शेठना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे, आणि शेठना नाही म्हणणं फर्डिनंडला.

मशीनमधून पिवळ्याधमक पिचकाऱ्या टपाटप पडत होत्या. फर्डिनंडचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"हिरवा शेवटी, शेठ."

बोलून गेल्यावर त्याच्या पोटातून हसू उसळलं. ते दाबायला तो खोटंच खोकला. शेठ मोबाइल कानाला लावून गरजले, "संध्याकाळी देतो म्हटलं ना!" आणि केबिनचं दार धाडकन लावून आत गेले.

मग दिवस जो सुटला तो सुटलाच. पिवळ्याचा केशरी झाला, केशरीचा लाल. मशीन जराशी अडे की पुन्हा धावू लागे. पॅकिंगच्या बायकांनी गाणं धरलं. शेवटची हिरवी पिचकारी खोक्यात पडली आणि फर्डिनंडने मशीन बंद केली, तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं.

शेठ केबिनमधून धावत आले. "लाइट गेली काय?"

"नाही शेठ," रीमा म्हणाली, "काम झालं."

शेठ मटकन खोक्यावर बसले आणि गदागदा हसायला लागले. "मग इथं काय करताय? पला घरी!"

फर्डिनंडने पापडी गावातल्या घरापर्यंत शीळ घालत स्कूटर हाणली. त्याची बायको सेलिन वाडीत केळींना पाणी घालत होती. दिवसाउजेडी त्याला फाटकात बघून तिच्या हातातला पाइप सुटला आणि पाणी दोघांच्याही अंगावर उडालं.

"काय झालं? काढलं कामावरून?"

"अगं नाही!" निथळत, हसत तो म्हणाला. "काम संपलं!"

सेलिनने तोंडावरचं पाणी पुसलं.

"ते संपतं?" तिने विचारलं.