मेंढरं कोन राखायलंय?

बोरीच्या शिवारात बाभळीखाली मेंढरं दुपारची बसली होती, आणि केवळाबाई ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं कादंबरी वाचत होती. निजामाचं राज्य गेलं, गावात मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणारा वर्ग आला, आणि त्या वर्गाच्या गुरुजींनी तिला हे पहिलंच पुस्तक दिलं होतं. धुक्यात बुडालेल्या एका गावाची गोष्ट. त्या गावावर अशी झोप उतरते की माणसं उठतच नाहीत. झोपेतच एकमेकांच्या स्वप्नात पाहुणी जातात.

पुस्तकावर तिचा जीव जडला होता, पण आज मोठ्यानं वाचायचं कारण निराळं होतं. लांडग्यानं कोकरू नेल्यापासून तिच्या नवऱ्याच्या, धोंडीबाच्या, डोळ्याला डोळा लागला नव्हता. रात्री जागा, दिवसाही जागा. "जरा पडा, मी बसते," म्हटलं की एकच पालुपद, "राखन बायामानसाचं काम न्हाई." हट्टी तरी किती, एडक्यानं त्याच्याकडं शिकवणी लावावी! झोपेची गोष्ट ऐकून तरी झोपेल, ही तिची आशा.

"वेशीवरचा दिवा मालवला. सोनार निजला. कुत्रीसुद्धा निजली..."

"हूं," धोंडीबा म्हणाला. गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचाच; तो थांबला की समजायचं, गडी झोपला. हुंकार जड होत चालला, तसा केवळाबाईला हुरूप आला.

"धुकं माळावर उतरलं. तिथं मेंढरं होती..."

धोंडीबा ताडकन उठून बसला.

"थांब. धनगरबी निजला का?"

"सारं गाव निजलंय, अवो."

"मंग मेंढरं कोन राखायलंय?"

तिनं पान उलटलं. पुढं धुकं. त्याच्या पुढंही धुकंच. लिहिणारा शहाणा असेल, पण त्याच्या घरी मेंढरू नसावं.

"आसंल की लिवलेलं. बघ नीट."

झाली का पंचाईत! झोपवायला काढलेल्या गोष्टीनं उरलीसुरली झोपही पळवली. केवळाबाईला रडू यायचं बाकी राहिलं. मग तिनं पानाच्या कोऱ्या कडेवर बोट ठेवलं आणि वाचू लागली. या वेळी ती एकदाही अडखळली नाही.

"पण माळावर एक बाई जागी होती. लांडग्याची चाल तिला लांबून कळायची. तिच्या भरवशावर मेंढरं निवांत रवंथ करीत होती."

"एकलीच?"

"एकलीच."

"भेली न्हाई?"

"तसं काई लिवलेलं न्हाई."

"हूं." धोंडीबा हळूहळू आडवा झाला. डोळे मिटले. बराच वेळ गेला. केवळाबाईला वाटलं, लागला डोळा. तेवढ्यात तो पुटपुटला, "तिच्या हातात काठी हाय का?"

पानावर बाईही नव्हती, काठीही नव्हती. काठी धोंडीबाच्या मुठीत होती. केवळाबाईनं तिला हात लावला, तशी मूठ आपणहून सैल झाली.

"हाय," ती म्हणाली.

पुढचा हुंकार आला नाही.