उलटा शिक्का

आलेखात जिथे सपाट रेघ हवी होती तिथे एक बारीकसा उंचवटा होता. तपासनीस मोरिवाकी सानाएने औषधाचा नमुना तिसऱ्यांदा यंत्रात लावला आणि उंचवटा तिसऱ्यांदा आला.

"ही यीस्टची जुनी साखर आहे, साहेब," ती विभागप्रमुख कुबोझोनोंना म्हणाली. तोयामाच्या त्यांच्या औषध कारखान्याने अकरा वर्षं खपून यीस्टला शिकवलं होतं, की प्रथिन बनवलंस तर त्यावर माणसासारखी साखर चढव, तुझी नको. यीस्टला ते शिक्षण फारसं मानवलेलं दिसत नव्हतं.

"केवढासा आहे तो. मुंगीला ठेचसुद्धा लागणार नाही."

"पहिल्या इंजेक्शनला शरीर ही साखर नुसती ओळखून ठेवतं. दुसऱ्याला तुटून पडतं."

"पहिलं याच साठ्यातून गेलं ना? त्या मुलीला काही झालं?"

"नाही. म्हणूनच भीती वाटते."

कानाझावाच्या इस्पितळातली ती मुलगी सहा वर्षांची होती. हे प्रथिन तिच्या अंगात जन्मापासून बनतच नव्हतं. दुसरं इंजेक्शन उद्या सकाळी होतं.

"नव्या साठ्याला दोन महिने लागतील. तोवर तिला काय, पेज पाजायची?" कुबोझोनोंनी साठा बाहेर पाठवायच्या मंजुरीचा कागद पुढे सरकवला. असा कागद नेहमी खालून वर जातो. आज तो वरून खाली आला होता. सहीच्या जागी तीन साहेबांच्या नावांचे तांबडे शिक्के आधीच उमटलेले, रिकामा चौकोन फक्त तिचा.

कनिष्ठाने शिक्का डावीकडे जरा कलता मारायचा, साहेबांच्या शिक्क्यापुढे मान लववल्यासारखा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण या विभागात सगळे पाळतात. आणि शिक्का उलटा मारला तर तो नकार. तोंडाने नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. तिने शिक्का हातात फिरवला आणि दाबला. मोरिवाकी हे नाव डोक्यावर उभं राहिलं.

कुबोझोनोंनी उलट्या शिक्क्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, यात तिला शंका नव्हती. मग त्यांनी कागद माल पाठवणाऱ्या विभागातल्या ओनुकीबाईंकडे दिला.

ओनुकीबाईंनी एकेका चौकोनावर बोट ठेवलं. चौथ्यापाशी कागद फिरवून नाव वाचलं. "चार हवे होते, चार आहेत," म्हणत त्यांनी औषधाचा बर्फाचा डबा उचलला. सानाएचा उतरलेला चेहरा बघून त्या थांबल्या.

"उद्या नऊच्या आत पोचतोय, मोरिवाकीबाई. काळजी करू नका."