बाईंचं नवं नाक

"आता डावी नाकपुडी दाबून श्वास घ्या. हं, आता उजवी," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी सांगितलं तसं केलं. शेजारच्या खुर्चीत त्यांची सून पर्स घट्ट धरून बसली होती. जणू ऑपरेशन तिचंच होतं.

"श्वासाची काहीच तक्रार नाही. म्हणजे हे निव्वळ दिसण्यासाठी?"

"निव्वळ दिसण्यासाठी," बाई म्हणाल्या. "शाळेपासून पोपट म्हणतात मला. पुरे झालं आता."

साठीला टेकलेली बाई नाक सरळ करून घ्यायला निघाली की लोक हसणारच, आणि हसलेच. "मी हेच नाक बघून होकार दिला होता," असा टोमणा नवऱ्याने मारून घेतला. पण खरी काळजी वेगळीच होती. बाई साबणाच्या कारखान्यात सुगंध ठरवायच्या. साबणाचा एकही घाणा त्यांनी हुंगल्याशिवाय पुढे सरकत नसे. त्यांनी कागदाची पट्टी नाकाशी धरून नुसती मान हलवली, तर मालक भरलेलं पिंप ओतून टाकायला लावत. असं नाक लाखात एखाद्याला मिळतं, आणि बाई त्याच्यावर हातोडी चालवून घेणार होत्या!

सून त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. मुलगी हुशार, मेहनती; पण पट्टी हुंगली की तिची नजर आधी सासूच्या चेहऱ्यावर जायची. "सूनबाई चांगल्या आहेत हो," मालक म्हणायचे, "पण स्वतःचं असं काही बोलतच नाहीत. तुम्ही आहात तोवर ठीक. पुढे मला बाहेरून माणूस आणावा लागेल." बाहेरचा माणूस आपला मदतनीस घेऊनच येतो, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं.

"हाडाचा उंचवटा तासून कमी करू," डॉक्टर समजावत होते. "शेंड्याच्या कूर्चेला थोडा आकार देऊ. काही दिवस प्लास्टर राहील, डोळ्यांखाली काळंनिळं होईल. चष्मा नाकावर टेकवायचा नाही, जोरात शिंकरायचं नाही. बरीचशी सूज लवकर उतरते, पण नाक खरं कसं झालंय ते कळायला वर्षभर जातं. आणि नटीचा फोटो आणून तसं नाक मागू नका. तुमचंच राहील, फक्त सरळ."

"आणि वास?" सुनेने विचारलं.

"सूज आहे तोवर कमी येईल. मग येतो परत."

"सगळ्यांचा येतो?" बाईंनी विचारलं.

"जवळजवळ सगळ्यांचा. अगदी क्वचित एखाद्याचा येत नाही."

"पण होतं असं."

"होऊ शकतं. ते आधी सांगणं माझं कामच आहे."

"मग हिलाही नीट सांगा. नंतर घरात कुणी म्हणायला नको, आम्हाला माहीतच नव्हतं."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. सुनेचा चेहरा उतरला. "आई, राहू द्या ना. पोपट तर पोपट," ती म्हणाली. बाईंनी सही केली.

नाक मात्र फर्मास झालं. सूज ओसरली तशी शेजारीपाजारी कौतुक करून गेले. नवराही एकदा चोरून बघताना सापडला.

वास काही परत आला नाही. सून कॉफी, फिनेल, संत्र्याची साल, काय काय नाकाशी धरायची. बाई मान हलवायच्या. डॉक्टरांनी धीर धरायला सांगितलं.

"हौसेपायी सगळ्यावर पाणी सोडलंस," नवरा एकदा बोलून गेला आणि दिवसभर ओशाळून वावरला. बाईंनी मात्र रडगाणं गायलं नाही. वासाच्या खोलीची किल्ली त्यांनी हसतमुखाने सुनेच्या हातावर ठेवली. काळीज लागतं याला.

मालकांनी सुनेला खुर्ची दिली, पण तात्पुरती. नव्या साबणासाठी दोन नमुने उरले होते. त्यांतला एक तिने निवडायचा आणि का निवडला ते सांगायचं. जमलं नाही, तर बाहेरचा माणूस ठरलेला होता.

आदल्या संध्याकाळी ती दोन्ही पट्ट्या घेऊन बाईंसमोर बसली.

"आई, एकदाच. थोडासा तरी येत असेल."

बाईंनी एकेक पट्टी सावकाश हुंगली. "कोरा कागद गं."

"माझं चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. माझ्या तोंडाकडे काय बघतेस? तिथे काही लिहिलेलं नाही. तुझं नाक काय म्हणतंय ते बघ."

सून पट्ट्या घेऊन गॅलरीत गेली. बराच वेळ पाठमोरी उभी होती. परत आली तेव्हा तिने बाईंकडे न बघताच एक पट्टी टेबलावर ठेवली.

"दुसरी," ती म्हणाली. "सांगू का?"

"मला कशाला? मालकांना सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यातून फोन आला. सून रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. मालकांनी उलटसुलट विचारलं, ती हटली नाही, आणि खुर्ची आता तिचीच होती. "शाब्बास," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून डोळे टिपले.

"पोरीनं नाव काढलं," नवरा म्हणाला. "आज तुझं नाक चालत असतं, तर केवढा आनंद झाला असता तुला."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"पहिल्या पट्टीत लवंग जरा जास्त झाली होती," मग त्या म्हणाल्या. "मला धाकधूक, हिच्या लक्षात येतंय की नाही."