गुडघ्यातलं पाणी

काचेच्या पिचकारीत पिवळट, गढूळ पाणी चढलं तसा तानाबाईच्या उजव्या गुडघ्यावरचा ताण उतरला. बरं वाटलं, पण तिनं ते तोंडावर दिसू दिलं नाही. तिची नजर पिचकारीवर होती.

डॉक्टर नृसिंहरावांनी ते पाणी फेकलं नाही. बाटलीत सोडलं, बूच लावलं, वर कागदाची पट्टी डकवली आणि बाटली घेऊन ते आतल्या खोलीत गेले. गेल्या खेपेला असंच. त्याच्या आदल्या खेपेलाही असंच.

तानाबाईचं जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान. शेजारची बायडाबाई कालच म्हणाली होती, "तुझ्या गुडघ्यातलं वंगण काढून कुना शेठजीच्या गुडघ्यात घालत आसंल बग त्यो डाक्तर."

तेवढ्यात दवाखान्याचा शिपाई पिराजी ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून त्याच आतल्या खोलीत शिरला. फडक्यातून खूर डोकावत होता. बकऱ्याचा पाय! आणि डॉक्टर तर कांदासुद्धा न शिवणाऱ्या घरातले.

तानाबाई खाटेवरून उतरली. भिंत धरून गेली आणि आतलं दार ढकललं. फळीवर ओळीनं बाटल्या. टेबलावर आधीच सोललेला दुसरा एक बकऱ्याचा गुडघा.

"कुनावर करणी चाललीया?"

"ओ बाई, भाईर व्हा!" पिराजी ओरडला. डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं.

"करणी नव्हे, तानाबाई. या, बघा."

त्यांनी हाडाचं टोक तिच्यापुढं धरलं. त्यावर पांढरीशुभ्र, ओल्या शिंपल्यासारखी गुळगुळीत गादी होती. मग दोन बशा पुढं सरकवल्या. दोन्हीत तसल्याच गादीचे काप. एक मिठाच्या पाण्यात, अजून नितळ. दुसरा पिवळट पाण्यात, त्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी.

"ह्यात कुनाचं पानी?"

डॉक्टरांची नजर तिच्या गुडघ्याकडं गेली.

"माजं?"

"तुमचं. चार दिवस झाले. सुजलेल्या सांध्यातलं पाणीच ही गादी खातं, असा मला संशय आहे. पण पुरावा नाही. एकदाच दिसलंय."

"म्हंजे माजंच पानी मला खातंय? आनि औषध?"

"नाही. सूज थोडी उतरवता येते. झिजलेलं परत आणायचं औषध मला ठाऊक नाही."

वैद्य झाला, भगत झाला, हाडं बसवणारा झाला. सगळ्यांनी महिन्याभरात उड्या मारशील म्हणून सांगितलं होतं. नाही म्हणणारा हा पहिलाच. हीसुद्धा फसवायची एक तऱ्हाच नसेल कशावरून? तानाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मग आदी का सांगितलं न्हाईसा?"

"तुम्ही यायचं बंद केलं असतं."

"आनि तुमास्नी पानी मिळालं नसतं. व्हय का न्हाय?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "हो."

तानाबाई खाटेवर येऊन बसली. लुगडं सारून तिनं डावा गुडघा पुढं केला. "ह्यातलं बी काढा. ह्यो अजून बरा हाय. ह्याचं पानी काय करतंय ते बगू."

"चांगल्या गुडघ्यात पाणी थोडं असतं. सुई फार दुखेल."

"दुकू दे."

सुई शिरली. तिनं दात आवळले, पण डोळे मिटले नाहीत. मोठ्या मुश्किलीनं दोन-चार थेंब आले, मधासारखे चिकट, स्वच्छ.

"बगाय कवा येऊ?"

"चार दिवसांनी."

तिनं बोटांवर वार मोजले. रविवार येत होता. जोतिबाचा वार, डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते.

"दुकान बंद ठिवतो," ती म्हणाली. "पर तुमी सांगू नगासा काय झालं ते. माजं मी बगनार."